काळी दोनचा बाजा

मित्रांनो, नाव विचारण्याआधी माझी पट्टी विचारा. आम्हा बाज्यांमध्ये तशीच रीत आहे. मी काळी दोनचा माउथ ऑर्गन, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर तो माझा सा. अंगावरची चकाकी गेली आहे, उजव्या कोपऱ्याला पोचा आला आहे, एक स्क्रू तर मूळचा नाहीच, चष्मेवाल्याकडून आणून बसवलेला आहे. पण माझी काळी दोन अजून जिथल्या तिथे आहे, ती केसभरही हललेली नाही. कंधारच्या लोकांना माउथ ऑर्गन म्हणायचा कंटाळा येतो. ते मला नुसतं बाजा म्हणतात. मलाही तेच बरं वाटतं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. दहा घरं, वीस पितळी पात्या आणि वर-खाली स्टीलचे दोन पत्रे, एवढाच माझा संसार. आम्ही बारा भाऊ, बारा पट्ट्यांचे. आमचं पेटीसारखं नसतं. पेटीवाला गायकाला विचारतो, "कुठल्या पट्टीवर सा धरू?" आणि काळी म्हणा, पांढरी म्हणा, हवं तिथे बोट ठेवतो. आमचा सा जन्मताच ठरलेला. म्हणून ज्याला गाण्याच्या पार्टीत बाजा वाजवायचा आहे, त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की बारापैकी कोणते घ्यायचे. प्रश्न दिसतो साधा. त्याच्या उत्तरापायी एका म्हाताऱ्याचं गाणं बंद पडायची वेळ आली होती, आणि त्या सगळ्या भानगडीत मी होतो.

कारखान्यातून निघालो तो नांदेडला, वजिराबादच्या एका वाद्यांच्या दुकानात येऊन पडलो. तिथे मी तीन वर्षं काचेच्या कपाटात काढली. तीन वर्षं, मित्रांनो! गिटार शिकणारी कॉलेजची मुलं यायची आणि 'सी' मागायची, म्हणजे आमची पांढरी एक. ती आली की चार दिवसांत जायची. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं तर दुकानदार म्हणायचा, "ती काळी दोन आहे, चुकून आली. तिला गिऱ्हाईक नाही." ऐकून ऐकून माझे कान किटले. पांढऱ्या एकवर माझा राग बसला तो तेव्हापासून.

मग एके दिवशी पंढरीदादा आले. पांढरा शर्ट, खिशाला निळं पेन, पायात धुळीने भरलेल्या चपला. बांधकाम खात्यात रस्त्यावर डांबर टाकण्यात त्यांची उभी नोकरी सरली होती, पण कंधार, नायगाव, हिमायतनगरकडे लोक त्यांना ओळखत ते भीमगीतांमुळे. त्यांची गाण्याची पार्टी होती. बरोबर त्यांची मुलगी पंचशीला होती, तिला आता पार्टीत बाजा वाजवायचा होता. ती एसटीत कंडक्टर, अंगावर अजून खाकी तशीच.

"काळी दोन द्या," पंढरीदादा म्हणाले.

"दादा, सी घेऊन जा. सगळे सीच नेतात."

"सगळ्यांचा गळा सीचा आसंल. मपला काळी दोनचा हाय. चाळीस साल झाले, हाललेला न्हाई."

दुकानदाराने मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं. पंचशीलाने खिशातून तिकिटाच्या मशीनचा कागद काढला. त्याच्या पाठीमागे तिने पार्टीतल्या दोन्ही गायकांच्या पट्ट्या लिहून आणल्या होत्या. बाबा, काळी दोन. उज्वलाताई, काळी पाच. ती म्हणाली, "बाबा, दोन घ्यायची गरजच न्हाई. ह्यो फुकून वाजवला की काळी दोन, तुमची. अन दुसऱ्या घरातनं श्वास आत वढून सुरुवात केली की काळी पाच, उज्वलाताईची. नी तेवढा कोमल लागतो, पन तिच्या गान्यांत तोच लागतो."

"आन तुपला जुना बाजा?"

"तो पांढरी एकचा. तो कुनाच्याच कामाचा न्हाई."

हे ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तीन वर्षांचं उट्टं एका वाक्यात निघालं.

दुकानातून निघून पंढरीदादा थेट भांड्यांच्या गल्लीत गेले. तिथे ताट-तांब्यावर नाव टाकून देणारा एक माणूस मशीन घेऊन बसलेला असतो. "कशावर टाकायचं?" त्याने न बघताच विचारलं. "बाज्यावर," पंढरीदादा म्हणाले. त्याने मान वर करून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मशीनची सुई पाठीवर फिरायला लागली तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या, की माझ्या वीसच्या वीस पात्या थरथरल्या. माझ्या वरच्या पत्र्यावर अक्षरं उमटली, 'चि. पंचशीलास, पंढरीकडून. काळी दोन.' घरी नवं भांडं आलं की त्यावर नाव घालतात ना, तसा त्या दिवशी मी त्या घरचा झालो.

आता पंढरीदादांची एक खोड सांगतो. प्रत्येक कार्यक्रमात शेवटच्या गाण्याआधी ते माईकवर म्हणायचे, "लोकहो, ज्या दिवशी मपली काळी दोन सुटंल, त्या दिवशी मी माईक खाली ठिवीन. पुन्हा उचलनार न्हाई." लोक टाळ्या वाजवायचे. बायको गेल्यापासून तर त्या माणसाला गाण्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. सकाळी उठून आधी गळा साफ करायचे, मग चहा. आणि ते बोलल्याप्रमाणे वागणारे होते, हे सगळ्या पार्टीला माहीत होतं.

पहिली तालीम कंधारच्या विहारात रविवारी दुपारी होती. पेटीवर गुंडप्पा. हा देगलूरकडचा, धंद्याने शिंपी, पंढरीदादांचा चाळीस वर्षांचा दोस्त. ढोलकीवर केरबा, आणि दुसऱ्या गायिका उज्वला. आधी उज्वलाचं गाणं झालं. पंचशीलाने मला ओढून वाजवलं आणि मी असा काही बसलो पेटीच्या सुरात, की केरबा ढोलकी थांबवून म्हणाला, "वा रे बाजा!" मी फुगलो.

मग पंढरीदादांचं गाणं. गुंडप्पाने काळी दोनवर बोट ठेवलं, भाता मारला, पंढरीदादांनी सा लावला आणि पंचशीलाने मला फुंकलं. अरे देवा! अंगावर काटा आला. पेटी एकीकडे, मी भलतीकडे. केरबाने चक्क कानावर हात ठेवला.

"बाई, चुकून राहिलीस," पंढरीदादा म्हणाले.

पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच.

"बाजा खोटा हाय. परत करून ये. पेटी काय लबाड बोलत न्हाई."

मी खोटा! ज्याच्या पाठीवर नाव कोरलं, त्यालाच हे ऐकावं लागलं. पण मी पंचशीलाच्या हातात होतो, म्हणून मला दिसलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, ती गुंडप्पाकडे बघत होती. कारण उज्वलाच्या गाण्यात मी खरा होतो, आणि पाच मिनिटांत कुठलाच बाजा खोटा होत नाही. गुंडप्पाचा चेहरा पडला होता. तो खोकला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "नवा हाय रे पंढरी. पात्या मोकळ्या व्हायला टाइम लागतो. ऱ्हाऊ दे आज."

दुसऱ्या दिवशी कंधार-नांदेड गाडीत गुंडप्पा चढला. दोरे-बटणं आणायचं निमित्त होतं. तो मुद्दाम पुढच्या सीटवर, कंडक्टरच्या म्हणजे पंचशीलाच्या शेजारी बसला; मी तिच्या खिशातच होतो. लोहा गेलं, सोनखेड आलं, तरी तो बोलेना. शेवटी पंचशीलाच म्हणाली, "काका, पेटीत काय केलंय?"

तेव्हा त्याने सांगितलं. मित्रांनो, काही पेट्यांना बाजूला एक कळ असते. ती फिरवली, की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सगळी रांग थोडी बाजूला सरकते. बोट ठेवायचं तिथेच, पण आवाज निघतो खालचा. गुंडप्पाची पेटी तशी होती.

"तुपली माय गेली त्या साली त्याचा सूर लागंना गेला," गुंडप्पा म्हणाला. "वर गेला की गळा फाटायचा. मी कळ एक घर खाली घेतली. त्याला वाटलं, गळा सुधारला. पुढं आनखी एक घर, पुढं आनखी एक. आता बोट काळी दोनवर आस्तंय, आन आवाज पांढऱ्या एकचा निघतोय. उज्वलाच्या टायमाला कळ जागेवर आनतो, त्याच्या टायमाला गुपचूप खाली घेतो. सहा साल झाले."

"काका!"

"काय करू मंग? गानं सुटलं आस्तं तर मानूस हातचा गेला आस्ता. तू सांगू नको गं माय. मी पाया पडतो तुझ्या."

पंचशीलाने त्याच्या हातात तिकीट दिलं आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, मग तिला हसू आलं. बापाच्या पट्टीचा बाजा तिच्याकडे दहा वर्षांपासून होताच. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळालेला तो पांढरी एकचा, लहान भावंडांनी घेऊ नये म्हणून ज्याच्या पत्र्यावर तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता, तोच. आणि त्यालाच ती 'कुनाच्याच कामाचा न्हाई' म्हणाली होती.

पण तो घेऊन बापापुढे कशी बसणार? पंढरीदादांना तर कोरलेला बाजाच दिसायला हवा. पंधरा दिवसांनी नायगावजवळच्या एका गावात नव्या विहाराचं उद्घाटन होतं. त्याच्या आदल्या दिवशी पंचशीलाने काय केलं असेल? तिने बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, माझे दोन्ही पत्रे काढले आणि ते त्या पांढऱ्या एकला चढवले! आम्ही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, त्यामुळे पत्रे फिट्ट बसले. आणि त्याचे जुनाट, लाल ठिपक्याचे पत्रे मला घातले. माझी पाठ, माझं नाव, माझी काळी दोन त्याच्या अंगावर! त्या गडबडीत माझा एक स्क्रू फरशीवर उडाला, तो अजून सापडलेला नाही. मी काय बोलणार? कुणी तोंडाला लावल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही, हीच तर आमची अडचण आहे.

उद्घाटन सकाळी दहाला होतं. मांडव भरला होता. पंढरीदादांनी पहिली तीन गाणी म्हटली, आणि खरं सांगतो, रागात असूनही मी ऐकत राहिलो. पंचशीला त्या लबाडाला, माझे कपडे घातलेल्याला, फुंकत होती, आणि तो बापाच्या गळ्याशी असा जुळला होता की लोक माना डोलवत होते. पंढरीदादा एका कडव्यानंतर माईकपासून तोंड वळवून तिला म्हणाले, "बग, मोकळा झाला का न्हाई बाजा!" त्यांचा चेहरा असा फुलला होता. गुंडप्पा खाली मान घालून भाता मारत होता.

मग उज्वलाचं गाणं आलं. आणि इथेच सगळं फसलं. काळी पाच ओढायची तर मीच हवा. पंचशीलाने लाल ठिपक्याचा बाजा, म्हणजे मला, उचललं आणि वाजवलं. मी झकास वाजलो. बाजूला बसलेले पंढरीदादा पाणी पिता पिता थांबले. लाल ठिपका त्यांना चांगला ओळखीचा होता. तो बाजा पांढरी एकचा. आणि दुकानात तर पोरीने सांगितलं होतं, की काळी पाच निघते ती काळी दोनमधून. मग हा कसा काय वाजून राहिला?

गाणं संपलं, चहा आला. सगळे मांडवाच्या कडेला गेले. आम्ही दोघे पेटीच्या झाकणावर पडलेलो होतो. पंढरीदादा गेले नाहीत. त्यांनी आधी मला उचललं आणि फुंकलं. माझा सा निघाला, खरा काळी दोनचा. त्यांनी माझा सा धरून आपल्या गाण्याची वरची ओळ हळूच म्हणून पाहिली. आवाज चढला, चढला आणि फाटला. ते खोकले. मग त्यांनी कोरलेला बाजा उचलून फुंकला आणि तीच ओळ म्हटली. ती अगदी सहज आली, आत्ता माईकवर आली होती तशी. त्यांनी दोन्ही बाज्यांच्या पत्र्यांवरून बोट फिरवलं. माझ्या एका स्क्रूची जागा रिकामी होती. पेटीची कळ पुढच्या गाण्यासाठी गुंडप्पाने आधीच खाली घेऊन ठेवली होती, तीही त्यांनी पाहिली. त्यांना सगळं कळलं. तेवढ्यात गुंडप्पा दोन कप घेऊन आला आणि जागीच थबकला.

"कधीपासून?" पंढरीदादांनी विचारलं.

"सहा साल."

"आन मला बोललास न्हाई."

"बोललो आस्तो तर तू माईक ठिवला आस्तास," गुंडप्पा म्हणाला. "मंग मी कुनासाठी भाता मारायचा रे पंढरी?"

पंढरीदादांनी मला शर्टाच्या खिशात टाकलं, निळ्या पेनाशेजारी. तिथे त्यांचं काळीज इतकं धडधडत होतं, की माझ्या पात्या हलत होत्या. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मीच खरा, हे सिद्ध झालं होतं, आणि त्यात मला कसलीही गोडी वाटेना. मी त्या दुकानाच्या कपाटातच राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

निवेदकाने नाव पुकारलं. पंढरीदादा माईकपाशी उभे राहिले. पंचशीलाने त्यांच्या खिशातून डोकावणारा लाल ठिपका पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"लोकहो," ते म्हणाले, "चाळीस साल तुमाला सांगत आलो, काळी दोन सुटली की माईक ठिवीन. तर ती सुटून सहा साल झाले. मलाच ठाव नव्हतं. मपल्या दोस्तानं आन मपल्या लेकीनं मला कळू दिलं न्हाई. आता शब्द दिलेला हाय. तुमीच सांगा, ठिवू का?"

पहिल्या रांगेत केवळाबाई नावाची एक म्हातारी बसली होती, पांढरं लुगडं नेसलेली, गावातली सगळ्यात वयस्कर. ती बसल्या जागेवरून ओरडली, "आवो दादा, ती काळी-पांढरी काय ते तुमचं तुमाला! आमाला शब्द आयकू येऊन राहिले, लई झालं. म्हना की गुमान! ऊन वर चढून राहिलंय."

सगळा मांडव हसला. पंढरीदादाही हसले, हसता हसता त्यांनी डोळ्यांना बाही लावली. मग मागे वळून म्हणाले, "गुंडप्पा, ती कळ सरळ कर. पांढऱ्या एकवर बोट ठिव, खरंखुरं."

गुंडप्पाने सगळ्यांसमोर कळ जागेवर आणली. आणि झाली की पंचाईत! त्याची बोटं चाळीस वर्षं काळी दोनवरून निघालेली, ती पांढऱ्यावर चालेनात. पहिल्याच ओळीत तो दोनदा घसरला. "आरं, शिकून घे आता," पंढरीदादा माईकवरच म्हणाले, आणि गुंडप्पा रडत रडत हसला. दुसऱ्या कडव्यापासून मात्र गाणं असं लागलं, की केवळाबाईंनी उन्हाचं नावही काढलं नाही.

त्याच संध्याकाळी पंढरीदादांनी पंचशीलाला स्क्रूड्रायव्हर आणायला लावला. "ज्याचं त्याला दे," म्हणाले. माझं नाव मला परत मिळालं, तेही त्यांच्या मांडीवर. पंचशीला म्हणाली, "बाबा, चुकलं माझं. मी लपवलं." ते म्हणाले, "चुकलं माझं गं. पट्टी विचारलीस तवा मी चाळीस सालामागची सांगितली."

तेव्हापासून आम्ही दोघे भाऊ एकाच डबीत राहतो. पंढरीदादांच्या गाण्याला तो, उज्वलाच्या गाण्याला मी. सुरुवातीला मी त्याच्याशी बोलत नसे. आता बोलतो. तो वाईट नाही. डबीत तिसऱ्याची जागा पंचशीलाने मुद्दाम रिकामी ठेवली आहे. यंदा थंडीत पंढरीदादांना पांढरी एकसुद्धा जड जाऊ लागली, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "एक घर खालची, पांढरी सात बगून ठिव बरं दुकानात."

मुलांनो, तुमच्या हाती बाजा आला तर वाजवून झाल्यावर तळहातावर चार वेळा झटका, आतली थुंकी निघून जाऊ द्या. चॉकलेट खाऊन फुंकू नका, आमच्या पात्या चिकटतात. आणि बाजा घ्यायच्या आधी गाणाऱ्याला पट्टी विचारा, पण त्याच्याजवळ बसून, त्याला गायला लावून विचारा. नाहीतर तो तुम्हाला तरुणपणची पट्टी सांगेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दुसरंही काही विचारायचं असेल तर असंच जवळ बसून विचारा.

एक सांगायचं राहिलं. त्या उद्घाटनानंतरच्या सोमवारी पंढरीदादा आम्हा दोघांना खिशात घालून पुन्हा भांड्यांच्या गल्लीत गेले. मशीनवाल्याने त्यांना ओळखलं. त्यांनी मला बाहेर काढून माझ्या पाठीवरची अक्षरं दाखवली आणि लाल ठिपक्याचा बाजा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हेच टाकायचं का?" त्याने विचारलं.

"नाव तेच टाक," पंढरीदादा म्हणाले. "पट्टी तेवढी बदल."